गेनूमास्तरांनी लावलेली शेवटची जोड

गेनूमास्तरांकडे मी पहिल्यांदा गेलो तो शर्ट शिवायला. त्यांनी माझा गळा मापला, छाती मापली, खांदा मापला, दंड मापला. इथवर ठीक होतं. मग ते उकिडवे बसले आणि त्यांनी माझ्या पोटरीला टेप गुंडाळली.

"मास्तर, मला शर्ट शिवायचाय," मी म्हणालो.

"व्हय की. शर्टच शिवनार." एवढं बोलून त्यांनी मांडीचंही माप घेतलं, कानावरची पेन्सिल काढून सगळे आकडे एका जाडजूड वहीत उतरवले, दोन पावलं मागं सरून मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "गुरुजी, तुमची जोड पोष्टमनसंगं बसंल. पन आठव्या मिन्टाला तुमी जाल."

"कुठे जाईन?"

"खाली."

मी नगर शहरातून त्या गावच्या हायस्कुलात नुकताच बदलून आलो होतो. पोस्टमनचं आणि माझं काहीही वाकडं नव्हतं. उलट त्याच्या येण्याकडे मी डोळे लावून बसलेला असे. तरीही त्या दिवसापासून तो दारात आला की माझी नजर आपोआप त्याच्या मानेवर जायची. पुढे कळलं की तोही माझ्या पोटऱ्या पाहत होता, कारण मास्तरांनी त्यालाही हाच निकाल सांगून ठेवला होता.

आमचं गाव राहात्यापासून दोन कोसांवर. पाटाचं पाणी अर्ध्या शिवाराला मिळायचं, अर्ध्याला नाही, त्यामुळे गावात वर्षभर दोन तट असायचे. ते एकत्र यायचे चैत्रात, भैरोबाच्या जत्रेला, आणि तेही देवापेक्षा दुसऱ्या दिवशीच्या कुस्त्यांच्या हगाम्यासाठी. हगाम्यात कोणाची कुस्ती कोणाशी लावायची, म्हणजे जोड कशी बसवायची, हे काम वीस वर्षं गेनूमास्तरांकडे होतं. पाटलाकडे नव्हतं, तालमीच्या वस्तादाकडे नव्हतं, शिंप्याकडे होतं. याचं कारण असं, की आमच्या जिल्ह्यातल्या अकोल्याच्या डोंगरापासून शिंगणापूरच्या माळापर्यंतचे पैलवान लंगोट शिवायला त्यांच्याकडे येत. लंगोटाला कंबरेखेरीज दुसरं माप लागत नाही. मास्तर मात्र गळ्यापासून घोट्यापर्यंत अकरा मापं घेत, आणि वर्षातून दोनदा घेत. कोणाची मान भरली, कोणाची मांडी उतरली, कोण तालमीला जातो म्हणून घरात सांगतो आणि तमाशाला जातो, हे सगळं त्या टेपला कळायचं. टेपला कळलेलं वहीत जायचं, आणि वहीत गेलेलं बाहेर यायचं नाही.

ते काढून घ्यायचा प्रयत्न अनेकांनी केला. एकदा राहात्याकडचा एक वस्ताद पेरूंची अख्खी पाटी घेऊन आला. त्याच्या पठ्ठ्याची कुस्ती ज्याच्याशी लागणार होती त्याच्या छातीचं माप त्याला हवं होतं. मास्तरांनी पेरू ठेवून घेतले, त्यातले दोन मलाही दिले, इकडेतिकडे पाहिलं आणि वस्तादाच्या कानात हळूच एक आकडा सांगितला. वस्तादाचा चेहरा पडला. त्याने पठ्ठ्याला दुप्पट जोर मारायला लावले, दुधात तुपाची धार धरली, आणि हगाम्याच्या दिवशी समोर एक बेताचा गडी पाहून दोघंही गोंधळले. मास्तरांनी सांगितलेलं माप तात्या पाटलांच्या बैठकीतल्या लोडाचं होतं. नुकतीच त्यांनी त्याला खोळ शिवली होती.

स्वतः मास्तर भिजले तरी पंचेचाळीस किलोंच्या वर गेले नसते. गालफडं बसलेली, डोक्यावर पांढरी टोपी, नाकावर घसरलेला चष्मा, आणि कुठल्याही माणसाकडे बघताना एक डोळा बारीक करायची सवय. नजर अधू असल्यामुळे ते प्रत्येक गोष्ट अगदी जवळ जाऊन पाहत. आयुष्यात त्यांनी एकच कुस्ती केली होती, लहानपणी, रेवड्यांवरची, आणि तीही हरले होते. पण त्या कुस्तीचा निकाल त्यांनी कधीच मान्य केला नाही. "ती जोडच चुकीची हुती," ते म्हणायचे. "आमच्या मामानं लावली. समोरचं पोरगं माझ्यापेक्षा दोन बोटं रुंद. मामाला दिसलं न्हाई. तवाच ठरवलं, आपल्या हातनं आसं कुनाचं व्हऊ द्यायचं न्हाई."

आतून त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, आवाज यायचा. "लगीन बी मामानंच लावलं."

"ती बी जोड चुकलीच," मास्तर म्हणायचे.

"पन निकाली झाली," काकू म्हणायच्या, आणि मास्तर पुन्हा सुईत दोरा ओवू लागायचे.

लग्नांत त्यांना नेणं धोक्याचं होतं. अंतरपाट धरलेला असायचा, भटजींची मंगलाष्टकं चाललेली असायची, आणि मास्तर माझ्या कानाशी लागून सांगायचे, "नवरा लई हलका हाय. पोरगी घरात शिरली की ताबा घेनार." त्यांची ही भाकितं मी पुढे चार-पाच घरांत ताडून पाहिली आहेत. एकही चुकलेलं नाही.

हगाम्याच्या दिवशी मात्र हा माणूस बदलून जायचा. हलगी वाजू लागली की ते तांबड्या मातीत उतरत. पैलवानांची रांग लागलेली असे. ते एकेकाजवळ जाऊन, नाक लागेल इतकं वाकून त्याला पाहत, त्याचं मनगट धरत, त्याला ओढत दुसऱ्यापाशी नेत आणि दोघांचे हात एकमेकांत देत. ते हात देताना त्यांचा चेहरा मुलीचं कन्यादान करणाऱ्या बापासारखा व्हायचा. एकदा मास्तरांनी हात दिले की त्यावर वाद नाही. आणि वीस वर्षांत त्यांनी लावलेली एकही कुस्ती बरोबरीत सुटली नव्हती. बरोबरीत सुटलेली कुस्ती म्हणजे उसवलेली शिवण, असं ते मानत. "चांगली जोड त्येला म्हनायचं, जी शेवटपर्यंत कळत न्हाई, पन शेवटाला कळतीच," हे त्यांचं म्हणणं होतं, आणि या एका गोष्टीचा त्यांना गर्व होता. दुसऱ्या कशाचा गर्व करावा असं त्यांच्याकडे काही नव्हतंही.

त्यांच्या दुकानाला लागून चांदभाईंचं सायकलचं दुकान होतं. संध्याकाळी तिथे आमची बैठक बसायची. चांदभाई पंक्चर काढत बोलत, जत्रा कमिटीचे अध्यक्ष तात्या पाटील मिशीला पीळ देत बोलत, मी वर्तमानपत्र वाचून दाखवत असे आणि मास्तर काजं करत ऐकत. विषय एकच असायचा, किसन आणि रंगा. किसन अकोल्याकडचा, डोंगरातला, भात खाऊन वाढलेला. रंगा शिंगणापूरच्या बाजूचा, बाजरी खाऊन वाढलेला. चार वर्षं दोघांनाही कोणी पाठ टेकवायला लावली नव्हती, आणि दोघांची आपसात कुस्ती कधी झाली नव्हती.

"भात खानारा गडी अर्ध्या घंट्यात रिकामा होतो," चांदभाई म्हणायचे. "रंगाने नुसतं धरून ठेवलं तरी बस झालं."

"आन रंगाला पट काढता येतो का?" तात्या विचारायचे. "किसनचा हात पायाला लागला की सपलं."

कुस्ती होत नव्हती ती इनामाच्या वाटणीवरून. किसनला कुठल्याशा मोठ्या हगाम्यात चांदीची गदा मिळाली होती. त्यामुळे हरो वा जिंको, इनामातला मोठा वाटा आपला, असं त्याचं म्हणणं. रंगा म्हणे, वाटा सारखा, नाही तर कुस्ती नाही. तीन वर्षं कमिटीने दोघांच्या दारात खेटे घातले होते.

अशात एक दिवस मी पेपरात वाचून दाखवलं, की अमेरिकेत दोन ठोसेबाज लढणार आहेत. दोघंही अजिंक्य, दोघंही स्वतःला जगज्जेता म्हणवणारे, आणि कोणीही जिंको, पैसे दोघांना सारखे, तेही लाखांनी.

तात्यांचा पीळ सुटला. "हरलेल्याला बी तेवढंच?"

"हो."

"मग तो कशाला मार खाईल? पैल्या ठोशाला झोपंल आन घरी जाईल."

"त्येला इज्जत हाय, तात्या," चांदभाई म्हणाले.

"लाखांच्या म्होरं?"

"लाखांच्या म्होरंच कळती, हाय का न्हाई ते."

या वादात तास गेला. शेवटी मास्तरांनी एकच विचारलं, "गुरुजी, त्या दोघांची मापं दिलीत का?"

दिली होती. उंची, छाती, हाताची लांबी, अगदी मुठीचा घेरही. मी वाचू लागलो तसे मास्तर अस्वस्थ झाले. त्यांनी सुई खाली ठेवली. "छापून? सगळ्यांना दिसंल आसं?"

"हो, दोघांची शेजारी शेजारी."

"शिंपी कोन हाय त्यांचा?" मास्तर म्हणाले. "त्येच्याकडनं कात्री काढून घ्याया पायजे." त्यानंतर दोन दिवस त्यांनी माझ्या पेपराला हात लावला नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरींचे तळ दिसले, पाट कोरडा पडला, अर्धं गाव खडी फोडायच्या कामावर गेलं. अमेरिकेतून आलेल्या मिलो ज्वारीच्या भाकरी आणि सरकारी सुकडी खाऊन दिवस निघत होते. जनावरांना तर तेही नव्हतं. तात्यांनी सांगून टाकलं, यंदा हगामा नाही, वर्गणी मागायला तोंड नाही. पण गावातल्या एका बागायतदाराकडे जुन्या कडब्याची गंजी उरली होती. त्याने भैरोबाच्या नावाने तीनशे पेंढ्या देऊ केल्या. त्या सालात तीनशे पेंढ्यांपुढे रोख इनाम म्हणजे काहीच नव्हतं, कारण म्हशीला नोटा चारता येत नाहीत.

त्याच महिन्यात रंगा आला. त्याच्या गावात घरांना दारं नाहीत, त्यामुळे बाहेरून हाक मारायची त्याला सवयच नव्हती, तो सरळ आत शिरला आणि पडदा ओढून घेऊन म्हणाला, "मास्तर, लंगोट ढिला व्हतोय. कुनाला सांगू नका." चार दिवसांनी किसन आला. तो बाहेर उभा राहून तीनदा खाकरला, मग आत येऊन त्याने तेच सांगितलं. मास्तरांनी दोघांची अकरा-अकरा मापं घेतली. दोघं गेल्यावर ती दोन पानं शेजारी धरून ते बराच वेळ बसले. आकडे मला दाखवले नाहीत, पण चेहरा दाखवला. वीस वर्षं शोधत असलेलं कापड हाती लागावं तसा तो झाला होता.

"गुरुजी, ही जोड यंदा लागलीच पायजे," ते म्हणाले. "पुढच्या साली एक जन भरंल, एक जन न्हाई भरनार. आन माझ्या डोळ्यांना पुढच्या साली दिसंलच आसं बी न्हाई."

मास्तरांनी वाटणीवर तोड काढली ती अशी. त्यांनी रंगाला बोलावून विचारलं, "तू जिकनार का?"

"म्हंजे काय, मास्तर."

"नक्की?"

"भैरोबाशप्पत."

"मग हरनाऱ्याला किती मिळतंय याच्याशी तुला काय करायचंय?"

रंगाने डोकं खाजवलं. काही करायचं नव्हतं. मास्तर म्हणाले, "जिकनाऱ्याला शंभर पेंढ्या आन फेटा. हरनाऱ्याला दोनशे. त्येच्या बिचाऱ्याच्या पदरात दुसरं काय पडनार? कबूल का?" रंगा तोऱ्यात हो म्हणाला. किसनला बोलावून त्यांनी हेच विचारलं. गदा मिळवलेला माणूस. मोठा वाटा आपला, हे तो आता कोणत्या तोंडाने म्हणणार? मोठा वाटा मागायचा म्हणजे आपण हरणार हे कबूल करायचं. तोही हो म्हणाला. तीन वर्षांचा तिढा एका दुपारात सुटला.

बातमी कळली तसे तात्या धावत आले. "मास्तर, याड लागलं का? दोघांच्या घरी म्हशी हंबरत्यात. हलगी वाजायच्या आत दोघं आडवे व्हतील. एकमेकाला इनवन्या करतील, मला पाड म्हनून."

"उलटं व्हनार," मास्तर म्हणाले. "कडब्यापायी पडला, आसं नाव लागलं तर जलमभर पुसायचं न्हाई. या कुस्तीत पडायची कुनाची छाती न्हाई. आशी कुस्ती या जिल्ह्यानं बघितली नसंल."

"आन सुटली बरोबरीत म्हंजे? लोकं उपाशीपोटी चालत येनार हायेत. मला जित्ता ठिवतील का?"

तेव्हा मास्तर उठून उभे राहिले. "माझ्या हातची जोड बरोबरीत सुटली तर पुन्हा फडात पाय ठिवनार न्हाई." हे त्यांनी चार माणसांत, चांदभाईंच्या दुकानासमोर सांगितलं. मला त्या वेळी हसू आलं नाही. त्या माणसाजवळ जेवढं काही होतं तेवढं त्याने मांडून टाकलं होतं.

त्या हगाम्याला लोटली तेवढी माणसं मी नंतर कुठल्याही चांगल्या सालात पाहिली नाहीत. बाकीच्या कुस्त्या नारळावर लागल्या आणि झटपट उरकल्या. उन्हं कलल्यावर किसन आणि रंगा मातीत उतरले. दोघंही वाळले होते. बरगड्या मोजता येत होत्या. मास्तरांनी दोघांची मनगटं धरली, फडाला एक फेरी मारली, हात एकमेकांत दिले आणि पंच म्हणून तेच मागं सरून उभे राहिले.

त्यांचं म्हणणं खरं ठरलं. अशी कुस्ती मी पुन्हा पाहिली नाही. किसनने पट काढला, रंगाने तो सोडवला. रंगाने मानेवर पकड घेतली, किसन गुडघ्यावर गेला आणि पुन्हा उठला. अर्ध्या तासाने किसनची पाठ मातीपासून वीतभर राहिली. फडात श्वास अडकलेले असताना किसनच्याच गावच्या घोळक्यातून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "किसन, पडलास तरी चालंल रं, लेकरा."

किसनने तो ऐकला. त्याच्या अंगात काय शिरलं कोण जाणे, त्याने रंगाला पाठीवरून उचलून असा फेकला की म्हातारा स्वतःच दोन पावलं मागं सरला. पुढे रंगावर तीच वेळ आली तेव्हा त्याच्या बाजूने कोणी ओरडलं नाही, पण काही बायाबापड्यांनी भैरोबाला हात जोडले. ते जिंकण्यासाठी जोडले की हरण्यासाठी, हे विचारायची सोय नव्हती. रंगाही निसटला.

तास झाला. हलगीवाल्याचे हात दुखू लागले. दोघांच्या अंगावर मातीचा चिखल झाला होता आणि ते एकमेकांना धरून नुसते झोकांड्या खात होते. कोण कोणाला पाडतोय आणि कोण कोणाला सावरतोय हे कळेनासं झालं होतं. मास्तर त्यांच्याभोवती घिरट्या घालत होते, नेहमीसारखे कमरेत वाकून, त्यांच्या डोक्यांशी डोकं नेऊन. तात्या कडेने ओरडत होते, "सोडू नका मास्तर, निकाल पायजे."

दिवस मावळायला टेकला होता. मास्तर एकदम थांबले. त्यांनी दोन्ही हात दोघांच्या मधे घातले आणि त्यांना वेगळं केलं. पातळ आवाजात ते म्हणाले, "बरोबरी."

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग ढेकळं आली, एक पायताण आलं. लोक शिंप्याला वाटेल ते बोलू लागले. तात्या मिशी विसरून मातीत धावले. "कोनाला इचारून सोडवली?"

"माझ्या मनाला."

सगळ्यांत जास्त चवताळले ते दोन पैलवान. किसन शड्डू ठोकत फडभर सांगत फिरला, आणखी दहा मिनिटं मिळाली असती तर रंगाला अस्मान दाखवलं असतं. रंगा म्हणत होता, त्याला पाचच पुरली असती. मास्तरांनी दोघांचं ऐकून घेतलं. मातीला हात लावून तो कपाळाला लावला आणि ते चालू लागले. मी आणि चांदभाई त्यांच्या दोन बाजूंनी चाललो, कारण पायताणं अजून येत होती. त्या वेळी मला त्यांचा रागच आला होता. एवढी कुस्ती, आणि याने ऐन वेळी कच खाल्ली, असं वाटलं, आणि ते मी त्यांना बोलूनही दाखवलं. ते फक्त "व्हय" म्हणाले.

कडबा दीडशे-दीडशे वाटला गेला. गावात मात्र महिनाभर बोललं जात होतं, की मास्तरांनी मधल्या मधे पंचवीस पेंढ्या खाल्ल्या. काकू शेवटी ओट्यावर येऊन म्हणाल्या, "आमच्या घरात एक शिलाईचं मशीन हाय आन एक ह्ये. दोगं बी कडबा खात न्हाईत." मग ते बोलणं बंद झालं.

मास्तरांनी शब्द पाळला. हगाम्याच्या दिवशी ते दुकान बंद करून सकाळच्या एसटीने राहात्याला दोरा आणायला जात आणि दिवेलागणीला परत येत. दरवर्षी त्याच दिवशी दोरा संपायचा. जोडी तात्या लावू लागले. त्यांनी पहिल्याच साली एका पैलवानासमोर त्याचाच चुलता उभा केला, आणि चुलत्याच्या पाया पडण्यातच ती कुस्ती संपली. मास्तरांना हे सांगितलं तेव्हा त्यांना हसू आवरेना, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

पुढे माझी बदली अकोल्याला झाली. तिथल्या बाजारात एक दिवस किसन भेटला. पोट सुटलेलं, जीपवर माणसं भरायचा धंदा. चहा पाजता पाजता त्याने विषय काढला. "गुरुजी, कुनाला सांगनार नसाल तर सांगतो. माझा दम सपला हुता. डोळ्यांम्होरं अंधारी आल्ती. मास्तर वाकले तवा त्यांच्या कानात म्हनलो, सोडवा, न्हाईतर मी पडतो आन लोकं म्हनतील कडब्यासाठी पडला. त्यांनी आळ सोताच्या अंगावर घेतला. रंगाला अजून म्हाईत न्हाई." त्याचे डोळे भरून आले होते.

दोन-तीन वर्षांनी शनीच्या दर्शनाला गेलो होतो. तिथे तेलाच्या दुकानात रंगा होता. त्याने मला ओढत आत नेलं, गूळ-शेंगदाणे पुढे ठेवले आणि आवाज खाली आणून म्हणाला, "गुरुजी, तुमी शिकलेले, तुमच्याजवळ बोलाया हरकत न्हाई. त्या दिशी मी मास्तरांच्या कानात म्हनलो, मला सोडवा. किसनला अजून म्हाईत न्हाई." मी शेंगदाणा तोंडात तसाच धरून बसलो. रंगाने वर माझ्याकडून वचन घेतलं, किसनला सांगायचं नाही. किसनला मी आधीच दिलेलं होतं. आज दोघंही नाहीत, म्हणून लिहितो आहे.

तिथून मी घरी गेलो नाही. बायकामुलांना एसटीत बसवून दिलं आणि मास्तरांकडे गेलो. ते ओट्यावर उन्हात बसले होते. ऑपरेशनचा जाड चष्मा, कापडाचं काम सुटलेलं. हौसेने गोधडीला टाके घालत होते. मी सगळं सांगितलं. ते टाका न थांबवता ऐकत राहिले.

"मास्तर," मी म्हणालो, "दोघांनी एकाच वेळी हार मानली होती. तुमची जोड इतकी तंतोतंत बसली होती. हे लोकांना कळलं असतं तर तुम्हाला खांद्यावर घेतलं असतं. मी तुम्हाला त्या दिवशी नाही नाही ते बोललो."

"एकाच येळी न्हाई," मास्तर म्हणाले.

"म्हणजे?"

"एक आदी म्हनला. मी न ऐकल्यासारखं केलं आन फेरी घेतली. दुसरा दोन फेऱ्यांनी म्हनला. मग सोडवली."

हे कळायला मला थोडा वेळ लागला. वीस वर्षांत एकही कुस्ती बरोबरीत सुटली नव्हती, आणि तीही सुटली नव्हती. ज्या निकालावर चांदभाई आणि तात्या मरेपर्यंत भांडले, तो या माणसाला त्याच संध्याकाळी ठाऊक झाला होता.

"मग तुमचा तो शब्द लागूच होत नव्हता," मी म्हणालो. "तुम्ही फडात का गेला नाहीत?"

"गेलो आसतो तर लोकांनी इचारलं आसतं, ह्यो परत कसा आला. म्हंजे कुनीतरी पडलं आसनार. कोन पडलं?"

एवढ्यासाठी हा माणूस दरवर्षी राहात्याला जाऊन नको असलेला दोरा आणत होता. मला त्यांच्या पायांना हात लावावासा वाटला आणि मी लावला. ते चपापून मागं सरले.

"मास्तर," मी खाली वाकलेलाच होतो, तोंड त्यांच्या कानाजवळ नेऊन विचारलं, "आधी कोण म्हणालं?"

मास्तरांनी एक डोळा बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "कानात सांगितल्यालं मी इसरतो," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढचा टाका घातला.